राजदूत, परत येणार

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका टर्नरमामांचं मी देणं लागतो. किती, ते मला ठाऊक नाही. त्यांनी कधी सांगितलंच नाही.

गाडी काकांची, राजदूत 350. यामाहाची आरडी 350 एस्कॉर्ट्सनं 1983 साली आपल्याकडं आणली ती ही. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. मूळ यामाहाला पुढं डिस्क ब्रेक होता, आपल्याकडं खर्च वाचवायला पुढंही ड्रमच दिला. घोडा अरबी आणि लगाम सुतळीचा. त्यात टू-स्ट्रोक असल्यानं उतारावर इंजिन गाडीला फारसं मागं ओढत नाही, सगळा भार ब्रेकवर. 2012 च्या उन्हाळ्यात गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना ड्रम असा तापला, की ब्रेकचा लिव्हर दाबला तर मुठीलाच टेकायला लागला. कठड्याला फुटरेस्ट घासत गाडी थांबली. काकांना हे अजून माहीत नाही.

महिन्याभरात भंगारातून पल्सर 220 चा पुढचा अख्खा संच मिळवला. मागून ठोकलेली गाडी होती, म्हणून पुढचं सगळं सरळ. 37 मिलिमीटरचे शॉकपचे पाईप, 260 मिलिमीटरची डिस्क. राजदूतच्या काटकुळ्या पाईपांशेजारी ठेवले, तर तालमीतल्या पोरासमोर वस्ताद उभा राहावा तसे दिसले.

वाटलं, जुनं काढायचं, नवं घालायचं. पण दोन्ही शॉकप ज्या बॉटम टीत अडकतात, तिच्या मधोमध एक पोलादी दांडी असते. ती चासीच्या गळ्यातून वर जाते आणि अख्खं हँडल तिच्यावर फिरतं. पल्सरची दांडी राजदूतच्या गळ्याला ना लांबीत बसेना, ना बेअरिंगच्या मापात. एका गॅरेजवाल्यानं सोपा मार्ग सांगितला: मध्ये कापायची, तुकडा घालायचा, वेल्ड मारायचा. मी टी घेऊन मामांच्या शेडमध्ये गेलो आणि म्हणालो, "एवढी कापून तोंडं सरळ करून द्या."

"आणि जोडणार कोण?"

"वेल्ड बाहेर मारून घेतो."

मामांनी लेथ बंद केला, चष्मा कपाळावर सरकवला. "मोडली तर हँडल तुझ्या हातात ऱ्हाईल आणि चाक फुडं जाईल. ही काय जोडायची वस्तू हाय व्हय?"

मी हुज्जत घातली. त्या वयात घालतातच. त्यांनी उत्तर दिलं नाही. कोपऱ्यातल्या ढिगातून ईएन 24 पोलादाचा एक बार ओढून काढला, वजन करून त्याचे पैसे घेतले आणि म्हणाले, "शनवारी ये."

शनिवारी नवी दांडी तयार होती. वर चुडीचे आटे, खाली बेअरिंगची बैठक. सुट्या छर्‍यांऐवजी टेपर बेअरिंग घालायचं त्यांनी परस्पर ठरवलं होतं. टीतलं भोक आणि दांडीची जाडी यांत तीन शतांश मिलिमीटरचा फरक, दांडी जाड. हातोड्यानं ठोकली तर भोक ओरबाडणार. म्हणून मला हुकूम झाला, की दांडी रात्रभर फ्रीजरात ठेवायची. प्लॅस्टिकात गुंडाळलेलं पुडकं आईनं चाचपलं आणि विचारलं, "नळी आणलीस व्हय? मग बाहेर का न्हाई ठेवलीस?" दुसऱ्या दिवशी टॉवेलात बर्फ घालून मी ती शेडमध्ये नेली. मामांनी टी गॅसच्या ज्योतीवर फिरवत तापवली, बोटाने पाण्याचा थेंब टाकून पाहिला. तो चर्र करून उडाला तसं म्हणाले, "दे." गारेगार दांडी तापलेल्या भोकात अंगठ्याच्या दाबानं सरकली आणि तळाला टेकली. अर्ध्या मिनिटात दोन्हींचं तापमान जुळलं, मग ती हलेना. त्यानंतर किती लग्नं पाहिली, पण असा सांधा पाहिला नाही.

बाकीची कामं किरकोळ म्हणावीत अशी, पण वेळ त्यांनीच खाल्ला. पल्सरचं हँडल दोन तुकड्यांचं, म्हणून वरच्या टीवर राजदूतच्या हँडलसाठी अॅल्युमिनियमचे ठोकळे करावे लागले. पल्सरचं चाक 17 इंची, राजदूतचं 18. मामांनी दोन्ही संच भिंतीला टेकवून खडूनं रेघा मारल्या आणि पाईप टीमध्ये वर-खाली सरकवून उंची जुळवली. "नाक खाली गेलं तर गाडी माशागत वळवळंल." मीटरची केबल मात्र जुन्या ड्रमला होती, नव्या चाकाला जोडता येईना. काटा शून्यावर बसला तो बसलाच. (या सगळ्याला मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 आडवं येतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. मामांना बहुधा आधीपासून ठाऊक असावं.)

मजुरी विचारली तर म्हणाले, "टेपर बेअरिंग बसतंय अजून. पाचशे किलोमीटर चालव, ये, आवळून देतो. पैशे तवा."

पुढच्या महिन्यात मला पुण्यात नोकरी लागली. बेअरिंग मीच आवळलं. नऊ वर्षं गेली.

2021 मध्ये गाडी घेऊन परत शेडवर गेलो. लेथच्या जागी सीएनसी मशिन, मशिनवर मामांचा मुलगा. मी सगळं सांगितलं आणि पाकीट काढलं. त्यानं कपाटातून जुन्या वह्या काढल्या, पानं उलटली. एका ओळीवर बोट ठेवून वही माझ्याकडं फिरवली. 'राजदूत. परत येणार.' पुढं रकमेच्या रकान्यात काहीच नाही.

"कशाचे घेऊ मी?" तो म्हणाला.

संध्याकाळी मामा आले. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, मला ओळखलं नाही. गाडी ओळखली. मुलाला इंजिनखाली लाकडी ठोकळा लावायला सांगून पुढचं चाक अधांतरी केलं, हँडल मधोमध धरलं आणि सोडून दिलं. ते आपसूक एका बाजूला पडायला हवं, तिथं जरासं कलून थांबलं.

"कुणी आवळलं हे?"

"मीच."

"जीव घेतलाईस की बेअरिंगचा."

पाना मागवून त्यांनी नट पाव आट्याहून कमी सैल केला. पाईप मुठीत धरून मागं-पुढं ओढून पाहिले, खडखड नाही. पुन्हा हँडल सोडलं. या वेळी ते टाकीकडं अलगद पडलं. मी पुन्हा पाकिटाकडं हात नेला.

"पाचशे किलोमीटर झालं की ये," मामा म्हणाले आणि आत हात धुवायला गेले.

मी किक मारली. मीटरचा काटा शून्यावरच होता.