चुकार ठिणगी

दुखणे एकदाचे येऊन राहिले तर त्याच्याशी झगडता येते; येऊन-जाऊन असणाऱ्या दुखण्याने मात्र माणूस बेजार होतो. दाढेच्या ठणक्याने रात्रभर जागावे, सकाळी दंतवैद्याच्या खुर्चीवर बसावे आणि नेमका त्याच क्षणी ठणका थांबावा, हा अनुभव वाचकांपैकी पुष्कळांस असेल. अशा वेळी वैद्य आपणांकडे ज्या नजरेने पाहतो, ती नजर गेल्या पावसाळ्यात आम्ही आमच्या मोटारीपायी वारंवार सोसली.

ही मोटार म्हणजे १९७४ सालची अँबॅसडर. आमचे तीर्थरूप १९५८ साली नागपूर सोडून भिलाईस आले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हा ते त्या गर्दीत उभे होते. पुढे बऱ्याच वर्षांच्या काटकसरीनंतर त्यांनी ही गाडी घेतली. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून अँबॅसडर बाहेर पडणे २०१४ साली थांबले. तीर्थरूप त्याआधीच गेले होते. सेक्टर ६ मधील आमच्या दारातल्या कडुनिंबाखाली गाडी मात्र अजून उभी असते.

तिचा आजार असा. घरातून ती सुरळीत निघे. जी. ई. रोडला लागून दुर्गच्या दिशेने एकसारखा वेग धरला, की नेहरूनगर चौकाच्या आसपास उचकी लागावी तशी ती अडखळे. पाय उचलावा तो पुन्हा चालू. थांबून बॉनेट उघडावे, तर इंजिन शहाण्या मुलासारखे गुणगुणत असे. एके रात्री शेजारच्या काकूंना दम लागला म्हणून त्यांना सेक्टर ९ च्या रुग्णालयात नेताना ती तीनदा अडखळली. काकू वेळेवर पोहोचल्या. तथापि मागच्या आसनावरून येणारा त्यांच्या श्वासाचा आवाज आमच्या कानांतून गेला नाही. दुसऱ्या दिवशी मुलांनी गाडी भंगारात काढण्याची गोष्ट काढली आणि आम्हांस उत्तर सुचले नाही.

सुपेल्यातील आमच्या जुन्या मिस्त्रीने गाडी दोनदा तपासली. दोन्ही वेळा त्यास काही सापडले नाही, म्हणून त्याने पैसेही घेतले नाहीत. "साहब, एक दिन साथ में चलना पड़ेगा," एवढेच तो म्हणाला. फुकट पेट्रोल जाळून हिंडण्यास आम्हांस वेळ नव्हता. आम्ही दुसरीकडे गेलो. तेथे प्लग, कॉइल आणि कंडेन्सर असे सारे एका दमात बदलण्यात आले. गाडी चार दिवस उत्तम चालली. त्या चार दिवसांत सुपेल्याच्या मिस्त्रीस काही कळत नाही, ही वार्ता आम्ही चार घरी पोहोचविली. पाचव्या दिवशी गाडी पुन्हा अडखळली. महिनाभराने मान खाली घालून आम्ही पुन्हा सुपेल्यास गेलो.

येथे थोडे यंत्रशास्त्र सांगणे भाग आहे. पेट्रोल पेटविण्यास जी ठिणगी लागते, ती बारा व्होल्टची बॅटरी स्वतः देऊ शकत नाही. म्हणून वीज कॉइलच्या जाड वेटोळ्यातून येऊन पॉइंट नावाच्या दोन टिकल्यांवाटे गाडीच्या सांगाड्यास मिळते. टिकल्या विलग झाल्या की प्रवाह तुटतो. त्या तुटण्यानेच कॉइलच्या बारीक वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होतो आणि प्लगमध्ये ठिणगी पडते. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटास तीन हजार फेरे घेत असेल, तर हे सेकंदास शंभर वेळा घडते. ज्या डबीत हे सारे चालते तिला मिस्त्री लोक 'डेल्को' म्हणतात. या पद्धतीचा कर्ता अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग; त्याने एका भागीदारासह १९०९ साली काढलेल्या कंपनीच्या आद्याक्षरांचे हे नाव. सुपेल्याच्या गल्लीत ते आजही जिवंत आहे.

मिस्त्रीने एका लहान दिव्याची एक तार कॉइलपासून डेल्कोकडे जाणाऱ्या टोकास जोडली, दुसरी सांगाड्यास, आणि दिवा खिडकीतून आत घेऊन आमच्यासमोर टांगला. गाडी अडखळताना दिवा विझला, तर वीज कॉइलमधून बाहेरच येत नाही. दोष चावीकडे किंवा कॉइलमध्ये. लख्ख पेटला, तर वीज येते पण पुढे तिला वाट नाही, दोष डेल्कोत. आम्ही निघालो. दिवा मंद लुकलुकत होता. नेहरूनगर मागे पडले, गाडीला उचकी लागली आणि दिवा लख्ख पेटला.

रस्त्याच्या कडेस त्याने डेल्कोचे झाकण काढले आणि टिकल्या जुळतील इतके इंजिन फिरविले, दिवा विझला. मग कार्ब्युरेटरकडून येणारी बारीक नळी सोडवून त्याने ती तोंडाने ओढली. टिकल्यांखालची तबकडी किंचित फिरली आणि दिवा पेटला. सोडली, विझला. एकसारख्या वेगात ठिणगी जराशी आधी पडावी म्हणून कार्ब्युरेटर हीच नळी ओढतो. उभ्या गाडीत तबकडी जागची हलत नाही. आवरणाच्या आत तुटलेली एक तार, तबकडी फिरली की ताणली जाई आणि थांबली की पुन्हा टेकून बसे. "खड़ी गाड़ी में यह बीमारी दिखती ही नहीं, साहब."

मग त्याने ती तार चिमट्यात धरून विचारले, "यह किसने डाली?"

ती आम्हीच घातली होती. दोन वर्षांपूर्वी पॉइंट बदलताना जुनी मऊ तार आम्हांस दुबळी वाटली. म्हणून दाराच्या घंटीची एकपदरी ताठ तार आम्ही मोठ्या अभिमानाने बसविली होती. पोलादाच्या गावात वाढलेल्या माणसास ताठपणा म्हणजेच मजबुती वाटते. परंतु जो भाग सतत हलतो, त्यास केसासारख्या पुष्कळ तंतूंची, थोडी सैल सोडलेली तारच टिकते. ताठ तार रोज थोडी वाकते आणि एक दिवस आतल्या आत तुटते.

मिस्त्रीने तशी मऊ तार बसविली आणि त्या वीतभर तारेचेच पैसे मागितले. आम्ही सांगितले, "ती तार आमची." तो हसला, कदाचित त्याने ते आधीच ओळखले असावे.

गाडी आता अडखळत नाही आणि तिला भंगारात काढण्याची भाषाही बंद झाली आहे. त्या मिस्त्रीची निंदा जेथे केली, त्या चार घरांपैकी दोन घरी जाऊन खरी हकीकत आम्ही सांगून आलो. दोन घरे राहिली आहेत. तेथे हा अंक जातो, म्हणून हे लिहिले.