बधिर झालेलें मन

दुःखाविषयीं पुष्कळ लिहिलें व बोललें जातें. परंतु ज्या अवस्थेंत दुःखहि वाटेनासें होतें, तिच्याविषयीं वडील माणसें मुलांशीं क्वचितच बोलतात. म्हणून या अंकाच्या निमित्तानें तीच गोष्ट विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या आईबापांपुढें मांडावी असें योजिलें आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांतील एका मुलाचे वडील ऐन कापूसवेचणीच्या दिवसांत वारले. मुलगा चौथ्या दिवशीं शाळेंत आला, गणितें बिनचूक सोडविलीं, मधल्या सुटींत डबाहि खाल्ला. आपल्या कोरपन्याकडे जो रडत नाहीं त्याच्याकडे लोक संशयानें पाहतात. "पोरगं दगडाचं हाय," असें कोणी म्हणालेंहि. पुढें दोन वर्षांनीं माझी आई निवर्तली, आणि त्या मुलाची स्थिति मला पुरती समजली. मी नित्याप्रमाणें शाळेंत जाई, करुणरसाच्या कविता शिकवी, प्रार्थनेस बसे. ओठ हलत, मन हलत नसे. ताजें अन्न व शिळें अन्न सारखेंच लागे. पत्नीनें कांहीं विचारिलें कीं मी उत्तर देई, आणि तें उत्तर दुसराच कोणी देत आहे असें वाटे. असे सुमारें आठ महिने गेले.

या अवस्थेचा उलगडा मला आपल्याच जिल्ह्यांतील वरोऱ्यामुळें झाला. तेथें बाबा आमटे यांनीं १९४९ सालीं महारोगी सेवा समिती स्थापिली व १९५१ सालीं आनंदवन सुरू झालें, हें तुम्हांस ठाऊकच आहे. कुष्ठरोगानें बोटें आपोआप सडून गळतात असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिति निराळी आहे. या रोगाचे जंतु मज्जातंतूंवर घाला घालतात व त्वचा बधिर होते. मग चुलीवरील तापलेलें भांडें हातीं धरलें तरी कळत नाहीं. पायांत खिळा रुतला तरी मनुष्य चालतच राहतो. जखम होते ती यामुळें. १९४६ सालीं वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयांत आलेले शल्यवैद्य पॉल ब्रँड यांनीं ही गोष्ट बारकाईनें तपासली. कांहीं रोग्यांच्या बोटांचे तुकडे रात्रींतून नाहींसे होत. शोध घेतां असें आढळलें कीं, उंदीर बोटें कुरतडीत आणि निजलेल्या माणसास जागहि येत नसे! तेव्हां त्या रोग्यांना मांजरें पाळावयास देण्यांत आलीं.

अशा रोग्यांना एक नेम शिकवितात. रोज हातपाय पाण्यांत भिजवावे, तेल लावावें, आणि डोळ्यांनीं नीट पाहावे. तळवा दिसत नसेल तर आरसा घ्यावा. जें स्पर्शास कळत नाहीं तें दृष्टीनें शोधावयाचें.

हा नेम मीं उचलला. रात्रीं एक वही घेऊन बसूं लागलों. आज कोण माझ्याशीं बोललें? मुलीच्या गुडघ्यास खरचटलें होतें; तिला औषध लावलें काय? पत्नी दुपारीं जेवली काय? प्रेम वाटत नव्हतें, पण तें कोठें करावयाचें हें डोळ्यांना दिसत होतें. "हंसा, गाणीं ऐका, मन रमवा," असा उपदेश करणारे सज्जन पुष्कळ भेटले. बधिर कातडीस गुदगुल्या करून काय उपयोग!

मदर तेरेसा यांचीं खाजगी पत्रें त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनीं, २००७ सालीं, प्रसिद्ध झालीं, तेव्हां जगास कळलें कीं अनेक दशकें त्या अंतःकरणांत रितेपणा बाळगून होत्या. ज्यांना त्यांनीं न्हाऊं घातलें, जेवूं घातलें, त्या रोग्यांना तो कधीं दिसला नसावा.

तथापि नेमानें सर्वच भागतें असें नव्हे. कुष्ठरोगांत लवकर औषध मिळालें तर कधीं कधीं संवेदना परत येते, आणि मनाचेंहि तसेंच आहे. आईबापांनीं लक्ष ठेवावें. मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ खेळांत, खाण्यांत, मित्रांत रमेनासें झालें, झोप बिघडली, तर त्यास आळशी न म्हणतां डॉक्टरांकडे न्यावें. जगण्याचा कंटाळा बोलून दाखविल्यास एक दिवसहि थांबूं नये. सरकारनें ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनि ठेविला आहे. त्यावर मराठींतहि बोलतां येतें.

बधिर पायांत जीव परततो तेव्हां प्रथम मुंग्या येतात, सुख होत नाहीं. माझेंहि असेंच झालें. आठवड्याच्या बाजारांत एक म्हातारी अंबाडीच्या जुड्या मांडून बसली होती. आई दर बाजारीं मला अंबाडी आणावयास सांगे व मी हटकून विसरें. मीं दोन जुड्या घेतल्या, पैसे दिले, आणि भर बाजारांत मला रडूं कोसळलें. म्हातारीनें कांहीं न विचारतां बसावयास पोतें सरकविलें, आणि पुढल्या गिऱ्हाइकास भाव सांगूं लागली.