दहा सेकंदांची पाळी

अब्बांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान मिरजेत होतं. दुकान कसलं, एका माणसाला नीट बसता येईल एवढी टपरी. काचेचं कपाट, डोळ्याला लावायचं भिंग, चिमटे, पितळेची बारीक चाकं ठेवलेल्या डब्या. भिंतीवर पंधरा-वीस घड्याळं आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. लहानपणी मी विचारायचो, "अब्बा, यातलं खरं कुठलं?" ते हातातल्या घड्याळाकडे न बघता रेडिओकडे बोट दाखवायचे. बातम्यांआधी वाजणारे ते टिक-टिक इशारे हे आमच्या दुकानाचं प्रमाण. मोहल्ल्यातल्या मशिदीचं भिंतीवरचं घड्याळही अब्बाच लावायचे. रमजान जवळ आला की रोज एकदा जाऊन बघून यायचे. म्हणायचे, "माझं घड्याळ चुकलं तर माझी गाडी चुकेल. मशिदीचं चुकलं तर सगळ्या मोहल्ल्याचा रोजा माझ्या गळ्यात."

मोबाइल आले आणि हातातली घड्याळं कमी झाली. नंतर अब्बांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, हातालाही कंप आला. दुकान बंद झालं. दिवसभर दुकानात बसणारा माणूस घरात बसू लागला की तो घराला जड होत नाही, स्वतःलाच जड होतो. त्या दिवसांत मला हॅम रेडिओचा नाद लागला. हौशी रेडिओचा परवाना म्हणजे परीक्षा, अर्ज, मग चौकशी. चौकशीला आलेला पोलीस कर्मचारी सभ्य होता, चहा पिऊन गेला. पण गच्चीवरची तार बघून शेजारच्या एकाने विचारलंच, "काय हो, हे कुणाशी बोलायचं काम?" मी हसून उत्तर दिलं. अब्बा हसले नाहीत. रात्री म्हणाले, "वही चोख ठेव. कधी कुणी उघडली तर एक ओळ खोटी निघता कामा नये. आपल्याला 'चुकून झालं' म्हणायची सवलत कमी असते." (घरात आम्ही दखनी बोलतो. इथे मराठीत लिहितोय.)

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे त्याच वहीत मी वीस-बावीस दिवस चुकीची नोंद करत होतो, आणि ती चूक पकडली अब्बांनी.

आधी थोडं समजून घेऊ. जगात हौशी रेडिओवाल्यांची एक सुंदर व्यवस्था आहे, आंतरराष्ट्रीय बीकन प्रकल्प. 1979 साली उत्तर कॅलिफोर्नियातल्या हौशी मंडळींनी एका बीकनपासून सुरुवात केली. बीकन म्हणजे दीपगृहच, फक्त उजेडाऐवजी रेडिओलहरी सोडणारं. आज या साखळीत 18 ठिकाणं आहेत: न्यूयॉर्कचं संयुक्त राष्ट्रसंघाचं मुख्यालय, उत्तर कॅनडा, कॅलिफोर्निया, हवाई, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, जपान, सैबेरिया, हाँगकाँग, श्रीलंका, दक्षिण आफ्रिका, केनिया, इस्राएल, फिनलंड, मदैरा बेट, अर्जेंटिना, पेरू आणि व्हेनेझुएला. ही सगळी ठिकाणं एकाच फ्रीक्वेन्सीवर बोलतात, 14.100 मेगाहर्ट्झवर. मग गोंगाट का होत नाही? कारण प्रत्येकाला पाळी दिलेली आहे, फक्त दहा सेकंदांची. अठरा गुणिले दहा म्हणजे 180 सेकंद, तीन मिनिटं. तीन मिनिटांनी पुन्हा पहिल्याची पाळी. दिवसाला 480 फेऱ्या, रात्रंदिवस.

आपली पाळी संपली की तो बीकन गप्प बसत नाही. लगेच वरच्या 18.110 वर जातो, मग 21.150, मग 24.930, मग 28.200. त्याने सोडलेल्या जागी पुढचा येतो. म्हणजे कुठल्याही क्षणी पाच बीकन पाच पट्ट्यांवर बोलत असतात आणि कुणी कुणाच्या अंगावर पाय देत नाही. एखादा बंद पडला तर त्याचे दहा सेकंद रिकामे जातात, शेजारी ते बळकावत नाही. या अठरा जणांच्या मधे उभा राहून शिट्टी वाजवणारा कुणी नाही. प्रत्येकाजवळ उपग्रहांकडून वेळ घेणारं जीपीएस घड्याळ आहे आणि प्रत्येकजण त्या घड्याळाशी इमान राखतो, एवढंच.

दहा सेकंदांत होतं काय? आधी मोर्समध्ये स्वतःचं सांकेतिक नाव, मिनिटाला 22 शब्दांच्या वेगाने. मग एकेका सेकंदाचे चार लांब सूर. नाव आणि पहिला सूर 100 वॅटवर, दुसरा 10 वॅट, तिसरा 1 आणि चौथा 0.1 वॅट. ऐकणारा मोजतो: चारपैकी किती सूर पोचले? त्यावरून आत्ता आपल्या डोक्यावरचं आयनांबर कुठल्या देशाकडे किती मोकळं आहे ते कळतं.

माझ्या परवान्याला मोर्सची परीक्षा नव्हती आणि 22 शब्दांचा वेग माझ्या कानाला पेलत नव्हता. पण या व्यवस्थेत एक सोय आहे. नाव समजलं नाही तरी घड्याळ बघून बीकन ओळखता येतो. तीन मिनिटांच्या फेरीत 1 मिनिट 20 सेकंदांनी हाँगकाँग, 1:30 ला श्रीलंका, 1:40 ला दक्षिण आफ्रिका, 1:50 ला केनिया. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. साडेपाच तासांना तीन मिनिटांनी पूर्ण भाग जातो, त्यामुळे भारतीय वेळेवरही हाच तक्ता चालतो. मी तक्ता भिंतीला चिकटवला, गच्चीलगतच्या खोलीत रेडिओ मांडला, शेजारी एक जुना लॅपटॉप. त्याला तिथे इंटरनेट पोचत नसे. पहिल्या दिवशी मोबाइलवरून त्याची वेळ हाताने सेकंदासकट लावली आणि निश्चिंत झालो.

पहिला आठवडा रोज संध्याकाळी श्रीलंका खणखणीत यायची. चारही सूर. मग काही दिवस गडबडीचे गेले. सूर एका खान्याच्या मधेच सुरू व्हायचे आणि पुढच्यात संपायचे. हे श्रीलंका म्हणावं की दक्षिण आफ्रिका? इथे कबूल करायला हवं. मी दक्षिण आफ्रिका लिहिलं. कारण ती दूर होती. मिरजेहून कोलंबो बाराशे-तेराशे किलोमीटर, प्रिटोरिया सात हजारांच्या आसपास. कुठलं नाव लिहावंसं वाटेल? पुढच्या दिवसांत तर शंकाच उरली नाही. दक्षिण आफ्रिका रोज चारही सुरांनी आणि श्रीलंका जवळजवळ गायब. मी त्याचं शास्त्रही रचलं: ऋतू बदलतोय, आयनांबराचा थर हलला, जवळचा देश मृतटापूत गेला आणि लांबचा उघडला. आमच्या रेडिओ मंडळातल्या ज्येष्ठांना संदेश पाठवला की 0.1 वॅटचा प्रिटोरियाचा सूर मिरजेत साध्या तारेवर ऐकू येतोय. त्यांनी तो कौतुकाने सगळ्यांना पाठवला. शाबासक्या आल्या.

एका संध्याकाळी अब्बा जिना चढून वर आले. बसून बसून कंटाळले होते. मी ऐटीत सांगितलं, "बघा अब्बा, आता दक्षिण आफ्रिका येईल." आली. अब्बांनी डोळे मिटून ऐकलं. दुकानातही ते असेच ऐकायचे. घड्याळ कानाशी धरून. किल्लीचं जुनं मनगटी घड्याळ सेकंदाला पाच ठोके देतं. पाचातला एक लंगडा आहे का, हे ते भिंग लावायच्या आधी कानाने ओळखत. आमच्या मिरजेत सतार करणारे जवारी कानाने लावतात, त्यातलीच ही गोष्ट.

"काय नाव सांगतो तो?" त्यांनी विचारलं.

मी मोर्सचा तक्ता काढला. दक्षिण आफ्रिकेचं नाव झेड या अक्षराने सुरू होतं. "दोन लांब, दोन आखूड," मी वाचून दाखवलं.

अब्बा गप्प राहिले. मग म्हणाले, "तीन मिनिटांनी परत येणार ना तो? थांबू."

तीन मिनिटांनी तो आला. अब्बांचं बोट गुडघ्यावर हलत होतं. "बेटा, सुरुवातीला लांब नाहीच. चार आखूड, मग एक लांब. पुन्हा बघ."

तिसऱ्या फेरीला मलाही ऐकू आलं. एकदा कुणी दाखवलं की कानाला दिसतं. चार आखूड, एक लांब हा मोर्समधला चारचा आकडा. श्रीलंकेच्या बीकनचं नाव फोर एस सेव्हन बी. मी धावत खाली जाऊन मोबाइल आणला, लॅपटॉपशेजारी धरला. लॅपटॉप अकरा सेकंद पुढे होता.

दिवसाला साधारण अर्धा सेकंद. त्यातला क्वार्ट्झचा स्फटिक एवढासा घाईत होता. दिवसाला अर्धा सेकंद म्हणजे एक लाखात एक भागाहूनही कमी चूक. कुणाच्या मनगटावर असती तर त्याने अब्बांना दुवा दिली असती. पण बावीस दिवसांत ती साचली आणि एक अख्खा देश सरकला. माझं रचलेलं शास्त्र, हललेला थर, उघडलेला मार्ग, सगळं त्या अकरा सेकंदांतून उगवलं होतं. आकाशात काहीच बदललं नव्हतं. ती प्रिटोरिया नव्हती, रोजची आपली कोलंबोच होती. आणि मी 'केनिया, अंधूक' असं ज्याला लिहीत होतो, ती बिचारी खरी दक्षिण आफ्रिका होती.

मला वाटलं, अब्बा रागावतील. ते म्हणाले, "घड्याळ चुकतंच. प्रत्येक घड्याळ चुकतं. रोज ताडून बघणारा माणूस लागतो. तू घड्याळ लावलंस आणि ताडायचं सोडलंस." थोड्या वेळाने म्हणाले, "आणि दोन नावांत शंका होती तेव्हा तू मनाला आवडलं ते लिहिलंस. ती चूक घड्याळाची नाही."

त्या रात्री मी वहीत बावीस दिवसांच्या नोंदींवर एकेक रेघ मारली, वाचता येईल अशी, आणि बाजूला खरी नोंद व कारण लिहिलं. जिथे कळत नव्हतं तिथे 'अनिश्चित' लिहिलं. मग मंडळाला संदेश पाठवला की माझा दावा चुकीचा होता, घड्याळ अकरा सेकंद पुढे होतं. बोटं जड झाली होती. ज्येष्ठांचं उत्तर एका ओळीचं आलं: आता तुमच्या नोंदींवर विश्वास ठेवता येईल.

नंतर मी जीपीएसचं छोटं यंत्र घेतलं. ते दर सेकंदाला एक नेमका ठोका देतं. त्यातही एक मजा निघाली. जीपीएसची स्वतःची वेळ जागतिक वेळेच्या 18 सेकंद पुढे चालते. पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखण्यासाठी जागतिक वेळेत अधूनमधून एक सेकंद वाढवला गेला, शेवटचा 2016 च्या अखेरीस. जीपीएसच्या वेळेत ते वाढवले जात नाहीत. किती सेकंद वजा करायचे हे उपग्रहच सांगतो, पण त्याचा पूर्ण निरोप यायला साडेबारा मिनिटं लागतात. तोवर नुकतंच सुरू केलेलं यंत्र चुकीचे सेकंद आत्मविश्वासाने दाखवू शकतं. अब्बांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणूनच दुरुस्त केलेलं घड्याळ मी दिवसभर टांगून ठेवायचो. लगेच गिऱ्हाइकाच्या हातात देत नव्हतो."

त्यांना मी इब्न अल-शातिर यांच्याबद्दल सांगितलं. 14व्या शतकात दमास्कसच्या उमय्या मशिदीत ते मुवक्कित होते, म्हणजे नमाजाच्या वेळा ठरवणारे. मोठे खगोलशास्त्रज्ञ. तिथल्या मिनारासाठी त्यांनी 1371-72 मध्ये भव्य सूर्यघड्याळ केलं होतं. अब्बांना त्यांच्या ग्रहगणितापेक्षा त्या पदाचंच अप्रूप वाटलं. "मशिदीत घड्याळवाल्याला पगार होता?" ते हसले. दुकान बंद झाल्यानंतर असे मनापासून हसलेले मी कमी वेळा पाहिले होते.

आता संध्याकाळी ते वर येतात. अठरापैकी सहा-सात नावं त्यांना कानाने ओळखता येतात, तक्ता न बघता. डोळे साथ देत नाहीत, चिमटा धरवत नाही, पण कान शाबूत आहे. मी लिहितो, ते सांगतात. नाव नीट आलं नाही तर मी विचारतो, "अब्बा, काय लिहू?"

"थांब," ते म्हणतात, "तीन मिनिटांनी परत येईल."