एक अंडं याचं, एक अंडं त्याचं

मुलांनो, फेब्रुवारीत आमच्या चौथीची सहल गेली होती. सकाळी भिगवणजवळचं कुंभारगाव, दुपारनंतर सोलापूरजवळचं नान्नज. एका दिवसात दोन पक्षी बघायचे, असा बेत.

उजनीच्या पाण्यात नावाडीकाकांनी होडी हळूच पुढे नेली आणि समोर रोहित! शेकडो! लांब गुलाबी पाय, वाकडी चोच उलटी धरून पाणी गाळत चाललेले.

"बाई, यांना रंग कोण देतं?"

"त्यांचं खाणंच! शेवाळ आणि कोळंबीसारखे बारीक जीव."

तेवढ्यात थवा उडाला. पंखांतला लाल रंग बघून पोरं ओरडलीच.

नान्नजला मात्र शांतता. पिवळं गवत, वारा, काळविटांचा कळप. दोन तास बसलो, पण माळढोक काही दिसला नाही. मीटरभर उंच, वजन १५ किलोपर्यंत, एवढा मोठा पक्षी! त्याच्यासाठी १९७९ मध्ये इथे अभयारण्य झालं. २०१८ च्या अंदाजानुसार देशभरात उरले दीडशेच्या आसपास, तेही बहुतेक राजस्थानात.

गंमत बघा, दोघंही एका वेळी बहुधा एकच अंडं घालतात. मग रोहित भरपूर आणि माळढोक संपत आलेला, असं का? रोहित कच्छच्या रणात, खाऱ्या चिखलात हजारोंनी मिळून घरटी करतात. तिथे सहसा कुणी पोचत नाही. माळढोकाची मादी अंडं घालते उघड्या माळावर. गुरांचे पाय, कुत्री, कावळे, सगळ्यांचीच भीती. त्यात माळ नांगरले गेले, वर विजेच्या तारा आल्या. माळढोकाला उडताना नाकासमोरचं नीट दिसत नाही. तो तारांवर आदळतो.

परतताना एक मुलगा हळूच म्हणाला, "बाई, आमचापण माळच होता. बोअरला पाणी लागलं, आता द्राक्षं आहेत. आमचं चुकलं का?"

मला चटकन उत्तर सुचेना. त्या बागेवरच त्याचं घर चालतं. मी म्हटलं, "पोट भरणं चूक नाही रे. पण ज्याला आपण पडीक म्हणतो, ते कुणाचं तरी घर असतं. हे मलाही उशिराच कळलं."

राजस्थानात जैसलमेरजवळ २०१९ पासून माळढोकाची अंडी उबवून पिल्लं वाढवतात. पण पिल्लं मोठी झाल्यावर सोडायची कुठे? त्यांना माळ हवाच ना!

तुमच्या गावाचा माळ या रविवारी बघून या. टिटवी, चंडोल, ससा... कोण कोण राहतं तिथे, वहीत लिहा.