वर्गाची वेबसाईट कोणाची?

शाळेची वेबसाईट म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येते. वर शाळेचे नाव, त्याखाली रंगवलेल्या इमारतीचा फोटो, मग पदाधिकाऱ्यांचे आणि मुख्याध्यापकांचे चेहरे, आणि अगदी शेवटी रांगेत उभी केलेली मुले. ज्यांच्यासाठी शाळा, ती मुले शेवटी! त्यांचा एक शब्दही त्या पानावर नसतो.

आम्ही खानदेशातील प्राथमिक शिक्षक. जळगाव जिल्ह्यात वाढलो, नोकरी धुळे जिल्ह्यात. आमच्या वर्गातील बहुतेक मुलांचे आईबाप शेतमजूर, काहींचे वडील सुरतेकडे कारखान्यात. 2016 साली आम्ही पाचवीच्या वर्गाची एक लहानशी वेबसाईट तयार केली. त्या कामाने आम्हाला जे शिकवले, ते पालकांच्या उपयोगाचे आहे असे वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी वेबसाईट म्हणजे काय ते साध्या शब्दांत सांगतो, कारण पालकसभेत पहिला प्रश्न हाच आला होता. आपण लिहिलेली पाने दूरच्या एका कॉम्प्युटरवर ठेवायची आणि त्यांना एक पत्ता द्यायचा. तो पत्ता मोबाईलवर टाकला की जगात कुठूनही ती पाने वाचता येतात. ही युक्ती टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाची. स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन संस्थेत त्यांनी ती तयार केली आणि 1991 साली ती संस्थेबाहेरच्या लोकांना खुली झाली. 1993 साली सर्नने ती कोणतीही फी न घेता सगळ्या जगाला देऊन टाकली. आपल्या देशात सर्वसामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागले ते 15 ऑगस्ट 1995 पासून. म्हणजे ही वस्तू मुळातच सर्वांसाठी मोकळी केलेली आहे. मग ती केवळ तपासणीला आलेल्या साहेबांना दाखवण्यापुरती का वापरावी?

खानदेशाला ही कल्पना तशी परकी नाही. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहातील मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक काढत. 1928 साली त्यांनी 'विद्यार्थी' मासिक सुरू केले. त्या वेळी कागद आणि शाई होती, आज मोबाईल आहे, एवढाच फरक.

आता पानावर टाकायचे काय? धडे टाकावेत असे प्रथम सर्वांनी सुचवले. पण 2017 साली केंद्र सरकारचे 'दीक्षा' सुरू झाले आणि पुढे बालभारतीच्या पुस्तकांवरही क्यूआर कोड आले. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडची ही कल्पना आपल्याच राज्यातील एका जिल्हा परिषद शिक्षकाने रुजवली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना त्या कामासाठी 2020 साली ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि दहा लाख डॉलरच्या रकमेतील निम्मी त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. सांगायचा मुद्दा असा की, धडे पोहोचवणारी माणसे आणि यंत्रणा आहेत. आमच्या वर्गाच्या पानावर तेच असावे, जे दुसरीकडे कुठेही मिळणार नाही. आणि ते म्हणजे आमच्या मुलांच्या घरात, वावरात, विहिरीवर असलेले ज्ञान.

मुलांनी गावच्या विहिरीला दर सोमवारी दोर सोडून पाणी किती हात खाली गेले ते लिहिले. आजीला विचारून कळण्याच्या भाकरीचे पीठ कसे दळतात ते लिहिले. अहिराणी शब्दांची यादी केली. मुलाला 'आंडोर' आणि मुलीला 'आंडेर' म्हणतात, हे शाळेत बोलले की पूर्वी मुले एकमेकांना हसत. तेच शब्द पानावर आले तेव्हा हसणे थांबले आणि यादी कोणाची मोठी याची चढाओढ लागली.

आमच्याच जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हते. त्यांची गाणी घरातल्या लिहित्या माणसांनी टिपून घेतली म्हणून उरली. 1951 साली त्या गेल्या आणि 1952 साली त्यांच्या गाण्यांचे पुस्तक निघाले. आज त्यांचे नाव विद्यापीठाला आहे. ज्या आयाबायांजवळ कोणी वही घेऊन बसलेच नाही, त्यांचे काय गेले असेल याचा विचार करावा. म्हणून मुलांना आम्ही सांगत असू, "आजीजवळ वही घेऊन बसा."

वहीचे पानच आम्ही मोबाईलने टिपून वेबसाईटवर लावत असू, त्यामुळे मुलांचे अक्षर जसेच्या तसे दिसे. खाली तोच मजकूर युनिकोडमध्ये टाईप करत असू. पूर्वी एका कॉम्प्युटरवरचे मराठी दुसऱ्यावर उघडले की अक्षरांची खिचडी होत असे, कारण प्रत्येक फॉन्टची अक्षरे मांडण्याची रीत वेगळी. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक असतो, म्हणून ते कुठेही तसेच वाचता येते. एके रात्री उधन्याहून एका वडिलांचा फोन आला. म्हणाले, "गुरुजी, पोरीचं अक्षर वाचलं. खोलीतल्या सगळ्यांना दाखवलं." सुटीशिवाय घरी न येणाऱ्या त्या माणसाला मुलीची वही एरवी कशी दिसली असती? व्हॉट्सॲपवर पाठवलेले चार दिवसांत खाली जाते. पानावरचे मात्र जागेवर राहते.

पण काय लिहावे याहून अवघड प्रश्न पुढे आला. काय लिहू नये?

एका मुलीने आईची कापूस वेचणी लिहून आणली. सहा दिवसांचे वजन तिने रोज नोंदवले होते. 32, 38, 41, 35, 40 आणि 36 किलो. वर्गाने फळ्यावर बेरीज केली, 222 झाली. सरासरी काढली, रोजची 37 किलो. पुस्तकातील सरासरीचे उदाहरण जे समजावू शकले नसते, ते या गणिताने समजावले. आम्ही ते पानावर टाकण्याचे ठरवले. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. दाराशी उभी राहून म्हणाली, "गुरुजी, मालकाच्या घरातही मोबाईल आहे. उद्या कामाला बोलावणार नाही."

त्या बाईंचे म्हणणे खरे होते. आमच्या दृष्टीने ते गणित होते, त्यांच्या दृष्टीने ती रोजी होती. आम्ही त्यांच्यासमोर बसून ठरवले की पानावर फक्त आकडे आणि रीत येईल. नाव, गाव, शेत, महिना काहीच येणार नाही. मूळ नोंद वहीत राहील, आणि वही घरी राहील. पुढे हिशेबाच्या दिवशी त्यांनी तीच वही मालकासमोर धरली आणि मजुरी त्या वजनाप्रमाणे झाली, असे मुलीने सांगितले. जगाला दाखवण्याची गोष्ट वेगळी आणि आपल्या हाती ठेवण्याची वेगळी, हे त्या माऊलीने आम्हाला शिकवले.

दुसरा प्रसंग शिष्यवृत्तीचा. एका बैठकीत सूचना आली की शिष्यवृत्तीच्या मुलांची यादी वेबसाईटवर टाका, म्हणजे कारभार उघड राहील. अशी एक यादी आम्ही दुसऱ्या एका शाळेच्या पानावर पाहिली होती. मुलाचे नाव, जात, आईचे नाव आणि बँकेचा खाते क्रमांक, सगळे एका ओळीत! त्या यादीतील मूल मोठे होऊन उद्या शहरात नोकरी मागायला जाईल. कोणीही त्याचे नाव शोधले की पहिली ओळ निघणार जातीची. शिष्यवृत्ती हा हक्क आहे, त्यात लाजण्यासारखे काहीच नाही. पण आपली जात कोणाला, केव्हा सांगायची हे ज्याचे त्याने ठरवायचे. शाळेने ते दहा वर्षांच्या मुलाच्या वतीने साऱ्या जगासमोर ठरवून टाकू नये. कारभार उघड ठेवायचा तर किती मुलांना, किती रक्कम, कोणत्या तारखेला मिळाली ते जरूर लिहावे. नाव आणि खाते हा पालक आणि शाळा यांच्यातला विषय आहे. आम्ही बैठकीत हेच सांगितले आणि ती यादी आमच्या पानावर आली नाही. या बाबतीत कायदाही आता पालकांच्या बाजूने उभा राहू लागला आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व घालून दिले आहे.

फोटोचेही तेच. मुलीचा चेहरा, पूर्ण नाव, शाळा आणि गाव एकत्र देणे म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती घराचा पत्ता देणे. आमच्या पानावर मुलांचे हात दिसतात, वह्या दिसतात, विहिरीचा दोर दिसतो. चेहरे नाहीत. नावाऐवजी मुलांनी स्वतः निवडलेली टोपणनावे आहेत. एकीने 'तापी' घेतले, एकाने 'कपाशी'.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. आमच्या वर्गात 31 मुले, आणि मोठा मोबाईल 12 घरांत. तोही दिवसभर वडिलांबरोबर. सगळे म्हणत होते, आता शाळा मोबाईलवर. उरलेल्या 19 मुलांनी काय करावे? आम्ही वेबसाईटची पाने कागदावर उतरवली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गावातल्या पिठाच्या गिरणीवर टांगली. दळण घेऊन आलेली मुले ती वाचत आणि उत्तराची चिठ्ठी पिशवीत टाकत. वेबसाईट आहे म्हणून सगळ्यांपर्यंत पोहोचलो असे मानणाऱ्यांनी त्या गिरणीवर एक दिवस उभे राहायला हवे होते.

आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. फुकट मिळालेली वेबसाईट म्हणजे दुसऱ्याच्या घरातली खोली. मालकाने सांगितले की रिकामी करावी लागते. जिओसिटीज नावाच्या सेवेवर जगभरातील लाखो लोकांनी फुकट पाने उभारली होती. 2009 साली ती बंद झाली. अनेक पाने कोणा हौशी माणसांनी उतरवून घेतली म्हणून वाचली, बाकीची गेली. आमचीही एक जागा अशीच बदलावी लागली. पण प्रत्येक पानाची छापील प्रत शाळेच्या कपाटात फाईलमध्ये होती. सातवीतील मुलांनी ती समोर ठेवून दोन आठवड्यांत सगळे पुन्हा उभे केले. टोपणनावे मात्र बदलू दिली नाहीत.

वाचक बंधुभगिनींनो, तुमच्या मुलांच्या शाळेचीही आज वेबसाईट असेल, निदान उद्या होईल. ती शिक्षकांची हौस म्हणून सोडून देऊ नका. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. ती समिती सह्यांपुरती नाही. मजुरीचा एक खाडा पडला तरी एकदा सभेला जा आणि तीन प्रश्न विचारा. पानावर माझ्या मुलाने स्वतः केलेले काय आहे? त्याचे नाव, फोटो, जात टाकताना मला विचारले होते का? आणि वेबसाईट उद्या बंद पडली तर त्याचे काम कोणत्या कपाटात आहे?

शिक्षकांनी या प्रश्नांचा राग मानू नये. ज्या शाळेत पालक असे प्रश्न विचारतात, तिथले काम पुढे सोपे होते, हा आमचा अनुभव आहे. कापसाचे वजन लिहिणारी ती मुलगी आता कॉलेजात आहे. परवा फोनवर तिने विचारले, "गुरुजी, आता मी मोठी झाले. त्या गणिताखाली माझं नाव टाकाल का?" आम्ही म्हणालो, "आधी आईला विचार." आई हो म्हणाली. आता ते गणित तिच्या नावाने आहे.