सुयांच्या आधी लोकर

म्हसवड

ती. सौ. वहिनींस,


आपले पत्र पोचले. सुटीत वाड्यातील व आळीतील मुलांना लोकरीचे काम शिकवावे, त्यासाठी पेठेतून रंगीत लोकरीच्या गुंड्या व सुयांचे जोड आणवावेत, आणि प्रत्येक मुलाच्या हातून एकेक टोपी पुरी करून घ्यावी, अशी जी तजवीज आपण योजिली आहे, तिच्यामागील हेतूविषयी मला यत्किंचितही शंका नाही. परंतु आपण सल्ला मागितलाच आहे, तेव्हा स्पष्टच लिहितो. ज्या मुलाने मेंढीच्या अंगावरून उतरलेली लोकर कधी हाती धरली नाही, त्याच्या हाती एकदम सुया देणे हा मला उलटा क्रम वाटतो. शिवाय पेठेत लोकर या नावाने जो जिन्नस विकला जातो, त्यातील पुष्कळसा मेंढीपासून नव्हे, तर कारखान्यातील रसायनांपासून निघालेला असतो. याची शहानिशा घरीच होते. धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून ज्योतीला लावला, तर खरी लोकर केस जळल्यासारखा वास सोडते आणि तिची राख बोटांत सहज चुरते. कृत्रिम धागा मात्र वितळून त्याची टणक गोळी बनते. प्रयोग मोठ्या माणसाने करावा, मुलांनी पाहावा. टोपीपेक्षा त्यांना हाच अधिक आवडेल, अशी माझी खात्री आहे.

आमच्या माण-खटावाकडील मेंढी दख्खनी जातीची. तिची लोकर बहुधा काळी, आखूड आणि खरखरीत, त्यामुळे परदेशी मेरिनोच्या मार्दवाची अपेक्षा धरणाऱ्यास ती प्रथमदर्शनी रुचणार नाही. पण हिच्याच सुताच्या घोंगडीवर पिढ्यान्‌पिढ्या मेंढपाळांनी दिवाळीनंतर कोकणात उतरताना थंडीवाऱ्याचे आणि परतताना वळवाच्या सरींचे निवारण केले आहे. वर्षातून दोन वेळा कातर चालते. उतरलेली लोकर निवडून पिंजतात, सूत काततात, ताण्याला चिंचोक्यांची खळ कुंच्याने चढवून तो उन्हात वाळवतात, आणि मग सणगर किंवा खुटेकर धनगर तो खड्ड्याच्या मागावर विणतो. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकर उधळली जाते, यावरून या जिनसाला त्या लोकांच्या भावविश्वात कोणते स्थान आहे ते ध्यानी येईल. आज मात्र पुष्कळ ठिकाणी कातरणावळ लोकरीच्या किमतीहून अधिक पडते, म्हणून उतरलेली लोकर उकिरड्यावर जाते. मांसाचा भाव चढला, तसा झपाट्याने वाढणाऱ्या माडग्याळ मेंढीकडे लोकांचा ओढा गेला, आणि तिच्या अंगावर लोकर बेताचीच. तरी उतरलेली लोकर अशी टाकूनच दिली जाते, तेव्हा माल मिळण्याची अडचण नाही. फुकट मिळाला तरी तो आपण फुकट घेऊ नये, एवढीच माझी अट.

मुलांचा आरंभ घाणीपासून होऊ द्यावा. कच्च्या लोकरीत गवताची कुसळे, लेंड्यांचा चुरा, माती आणि मेंढीच्या अंगचे मेण असते. चार-पाच वर्षांच्या मुलांना कुसळे वेचण्याचे काम द्यावे, ते त्यांना तासन्‌तास पुरते. मग रिठ्याच्या कोमट पाण्यात लोकर नुसती बुडवून ठेवावी. ढवळू मात्र नये, कारण लोकरीच्या तंतूवर अतिसूक्ष्म खवले असतात, आणि उष्णता, साबण व घर्षण यांचा संयोग झाला की ते एकमेकांत अडकून सगळ्याचा घट्ट गोळा होतो, जो पुन्हा कोणासही सोडवता येत नाही. धुताना जो दोष, तोच नमदा करताना गुण ठरतो. काश्मिरात आणि राजस्थानातील टोंक येथे नमद्याचा सारा उद्योग याच खवल्यांवर उभा आहे. म्हणून पहिली वस्तू टोपी नसावी, तळहाताएवढा नमदा असावा: पिंजलेली लोकर आडवी-उभी पसरावी, वर साबणाचे ऊन पाणी शिंपडावे आणि मुलांनी ती मनसोक्त चोळावी. याला ना सुई लागते ना टाका. सात-आठ वर्षांची मुले त्यानंतर टकळीवर बसतील. बांबूची काडी आणि मातीची चकती एवढ्यात ती घरी होते.

टकळी म्हटल्यावर आपणांस वर्ध्याचे स्मरण होईल. 1937 च्या ऑक्टोबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तेथे शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समितीने अभ्यासक्रम आखला, आणि कताई हा अनेक शाळांत मूलोद्योग झाला. कल्पना थोर होती, हे मी आजही म्हणतो. परंतु ज्या ज्या शाळांत सुताचे वजन हाच शिक्षणाचा ताळेबंद ठरला, तेथे मुलांच्या दृष्टीने टकळी ही एक सक्तीची वसुलीच होऊन बसली, आणि तिचा घराशी काही संबंध उरला नाही. याच्या उलट ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीस आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे केले, ते मला अधिक अनुकरणीय वाटते: शाळा पोराच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणारी पोरे शाळेत येईनात, तेव्हा कुरणशाळा काढून ती त्यांच्या गुरांमागे नेली.

म्हणून माझी विनंती ही की, आपल्या उपक्रमास केवळ मुलांना बोलावू नये, घरेच्या घरे बोलवावीत. मुलगा एकटा शिकला, तर सुटीबरोबर विद्याही संपते. परंतु पिंजण्याला आजी, टकळीला आई आणि विणण्याची चौकट ठोकायला वडील बसले, तर कार्तिकातही तो धागा घरात चालू राहील. विणकाम हे बायकांचे, असे जे आपल्या पांढरपेशा घरांत गृहीत धरलेले असते, त्याला धनगरांच्या शिरस्त्यात आधार नाही. तेथे सूत बहुधा बायकांच्या हातचे, आणि कातर व माग पुरुषांच्या हातचा. तेव्हा दादांनी पहिल्या दिवशी वर्तमानपत्र घेऊन ओसरीवर बसू नये, हे त्यांना माझ्या नावाने सांगावे. रागावले तर पत्र दाखवावे.

येथील एक वृद्ध कातणारी बाई तीन दिवस येण्यास राजी आहे. तिला पाहुणी म्हणून उतरवून घ्यावे, तिची मजुरी आणि जाण्यायेण्याचा खर्च अगोदर ठरवावा, आणि व्याख्यान वगैरे देण्याचा आग्रह करू नये. ती बोलत नाही, कातते. लोकर मी पोत्यात भरून एस.टी.ने धाडीन. ती न धुतलेली असेल, तरी पोते माजघरात न ठेवता परसात ठेवावे. रिठे आपल्याकडे जुने असतील, ते फेस धरीत नाहीत, नवे आणवावेत. तारीख उलट टपाली कळवावी, म्हणजे बाईस तसे सांगता येईल.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला धाकटा दीर