पाण्याची वाट

दिसायला अगदी साधा, पाण्याचा पाईप. हातभरही लांब नाही, लोखंडी, इंजिनाच्या मागच्या अंगाला अडचणीत बसवलेला. गाडीचं कौतुक करताना याचं नाव कुणी घेत नाही. पण सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतं त्या क्षणी तिथलं तापमान २,००० अंशांच्या वर जातं, आणि त्या उष्णतेतला जेमतेम तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो. जवळजवळ तेवढीच उष्णता पाण्याला उचलून बाहेर न्यावी लागते. बाकीची धुराबरोबर जाते. गाडी जितकी आगीवर चालते तितकीच पाण्यावर चालते, असं मी मानतो.

सुरुवातीच्या कित्येक मोटारी पाणी उकळवून वाफेवाटे ही उष्णता दवडत, आणि वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावं लागे. विल्हेल्म मायबाख यांनी १९०१च्या मर्सिडीजला मधाच्या पोळ्याच्या घडणीचा, ८,०७० बारीक नळ्यांचा रेडिएटर दिला, तेव्हा तेच ते पाणी फिरत राहून पुरू लागलं. तरी आमचं लहानपण खंबाटकीच्या चढावर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या बघण्यातच गेलं. वाफ, पाण्याचे डबे, आणि रेडिएटरच्या झाकणावर ओलं फडकं टाकून उगीच घाई करणारा कुणीतरी.

असा पाईप गळू लागला की बदलावा लागतो, आणि गळती शोधणं हा त्या कामातला सगळ्यात सुंदर भाग. थंड गाडीत ती सहसा सापडत नाही. इंजिन तापलं की आत दाब चढतो. झाकण तो धरून ठेवतं, म्हणूनच कूलंट मिसळलेलं पाणी १२० अंशांपर्यंतही उकळत नाही. त्या दाबाखाली सुईच्या टोकाएवढ्या भोकातून एक थेंब बाहेर येतो, तापल्या लोखंडावर वाळतो, आणि मागे हिरवट-पांढरी खपली ठेवतो. त्या दिवशी टॉर्च तिरका धरून मी ती खपली शोधत होतो. आधी वास आला, गोडसर, पाकाचा असावा तसा. हा गोडवा घातकी आहे. कुत्री त्याला भुलून कूलंट चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. म्हणून खाली घमेलं ठेवल्याशिवाय मी एकही क्लिप सैल करत नाही.

आणि इंजिन पुरतं गार झाल्याशिवाय झाकणाला हात लावत नाही. हा थांबण्याचा वेळ मला कामाइतकाच आवडतो. लोखंड निवताना टिक् टिक् करतं, बाजूला पाने मांडून ठेवावेत, नवा पाईप जुन्याशी ताडून बघावा.

रबरी होज वर्षानुवर्षं तापून पाईपला चिकटलेला असतो. कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या मामांनी एकदा सांगितलं होतं, "ओढायचं नाही साहेब, फिरवायचं." फिरवला की तो किंचित कुरकुरतो आणि सुटतो. मग दहाच्या पान्याने दोन बोल्ट, आणि पाईप हातात. आत बोट घातलं तर अंघोळीच्या बंबाच्या तळाशी असतात तशी पुटं, आणि त्यांच्याखाली गंज. कुणीतरी वर्षानुवर्षं यात बोअरचं पाणी ओतलं होतं. पाण्यातले क्षार भिंतीला बसले, गंजरोधक रसायन पातळ होत संपलं, आणि लोखंड आतून झिजत झिजत एके ठिकाणी कागदाइतकं उरलं. बाहेरचा रंग मात्र शाबूत! झीज इतकी आतल्या आत चालते, याची मला हळहळ वाटली.

वॉटर पंपाच्या तोंडाशी पाईप ओ-रिंगवर बसतो. ती खाच बारीक पॉलिश पेपरने, कण आत न सांडता, बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत साफ केली. नव्या रिंगला ग्रीस लावायचं नाही. त्यातल्या खनिज तेलाने या जातीचं रबर फुगतं. तिला कूलंटचंच बोट लावलं, पाईप सरळ रेषेत दाबला, आणि तो जागेवर बसल्याचा एक मऊ धक्का तळहाताला कळला. त्या धक्क्यासाठी अख्खी दुपार द्यावी.

मग निम्मं कूलंट, निम्मं बॅटरीचं पाणी. सावकाश, कारण आत अडकलेली हवा बाहेर यायला हवी. रेडिएटरचं तोंड उघडं, इंजिन सुरू, हीटर पूर्ण सोडलेला. भर मे महिन्यात, पुण्याच्या उन्हात, घामाने निथळत मी व्हेंटवर हात धरून बसलो. हवा आधी कोमट, मग चांगलीच कढत. थर्मोस्टॅट उघडला तसे रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे आले, पातळी एकदम खाली गेली, पुन्हा भरलं, झाकण घट्ट लावलं. थोड्या वेळाने पंखा घरघरत सुरू झाला, काटा मधोमध थांबला. नव्या सांध्याभोवती वर्तमानपत्राचा कपटा फिरवून पाहिला, कोरडा निघाला. जुनं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून वर मोठ्या अक्षरांत 'विष' लिहिलं आणि ते गॅरेजच्या टाकाऊ तेलाच्या पिंपाशेजारी देऊन आलो. सकाळी इंजिन गार असताना कूलंटच्या राखीव बाटलीतली पातळी बघायची आहे. रात्रीतून निवताना इंजिन थोडं कूलंट आत ओढून घेतंच.